समोर कोण बसतं

महाल, नागपूर
४ डिसेंबर १९७८

चंद्रकले,

तू मागच्या पत्रात लिहिलं की माझी पत्रं तुझे सासरे चहाच्या वेळी साऱ्या घराले मोठ्यानं वाचून दाखवतात. म्हणून आज वळणदार अक्षर काढून राहिली. मामाजींना माझा नमस्कार. मामाजी, तुमची सूनबाई लग्नाआधी आमच्या गल्लीतली सगळ्यात गरीब, खाली मान घालून चालणारी पोट्टी होती. हे आधीच सांगून ठेवते, म्हणजे पुढचं वाचताना तुम्हाले त्रास नको.

बातमी अशी की संक्रांतीच्या तोंडावर आपल्या वॉर्डाच्या मंडळाची कॅरम स्पर्धा आहे, अन् यंदा पहिल्यांदाच बायकांची डबल्स ठेवली. अध्यक्ष आपले बाबारावच, माइक एकदा हातात आला की सोडत नाहीत ते. कामठी, उमरेड, भंडाऱ्याच्या बायका येणार. शाळेचा हॉल घेतला आहे.

मागच्या साली तू नव्हती, सिंगल्सच होती. पण बाप्पा, काय ते तीन दिवस! खेळणं कमी अन् बाकीचंच जास्त. एक डाव संपला की दुसऱ्याची वाट पाहत बसाचं. कोणी स्वेटर विणून राहिली, कोणी वाटाणे सोलून राहिली, कोणी दुसरीचा स्ट्रायकर हातात घेऊन वजन पाहते अन् नाक मुरडते. पावडर जास्त पडली की कमी, यावर दोघी जणी दुपारभर भांडल्या, डाव कोणाचा होता तेच विसरल्या. आपल्या इंदूबाई तर खेळत बी नाहीत. कोथिंबिरीच्या सांबारवड्यांचा डबा घेऊन येतात अन् टेबलाटेबलाशी उभ्या राहून 'अवं, कटनं मार, कटनं!' म्हणतात. अन् एक पाहिलं मी. हारलेली बाई घरी जात नाही. जिनं आपल्याले हरवलं ती हरेपर्यंत बसून राहते. मी बी बसली होती. दुसऱ्या दिवशी ती हरली तेव्हा कुठी मले जेवण गेलं.

बाबांनी हातमाग विकला, पण मागाचा खड्डा तसाच आहे. वर फळ्या टाकून बोर्ड ठेवते. आपण बसत होतो तसंच, पाय खड्ड्यात सोडून. हल्ली रोज संध्याकाळी शामला माझ्या समोर बसते. शामला म्हणजे शेजारच्या नत्थूची नवी बायको, माहेर जरीपटक्याचं. शामलाचा हात असा की स्ट्रायकरले बोट लागलं की नाही ते कळत नाही, अन् गोटी आत! शामला कमी बोलते, ते बी बरं आहे.

संक्रांतीले तू माहेरी येशीलच. येताना आपला स्ट्रायकर घेऊन ये. विसरू नको.

तुझी,
गोपिका


मौदा
११ डिसेंबर १९७८

गोपिके,

पत्र पोचलं. मामाजींनी वाचलं. 'गरीब पोट्टी' ऐकून सासूबाईंना चहाचा ठसका लागला.

शामलाची तर आरतीच केली तू. शामला बसते, शामला मारते, शामला बोलत नाही. माझी नणंद प्रेमिला ऐकून राहिली होती, ती म्हणाली, 'वहिनी, ह्या पत्रात तुमच्यापेक्षा शामलाचंच नाव जास्त आहे.' पोट्टी अठरा वर्षांची आहे, पण खरं बोलली.

बोलत नाही ते बरं म्हणे! म्हणजे मी बोलत होती ते वाईट होतं. एवढी वर्षं सांगितलं काहून नाही मंग?

माझ्याच जागी, त्याच खड्ड्यावर, पाय सोडून ती तुझ्या समोर बसते. बसू दे. माझ्या बाजूच्या फळीले एक खिळा वर आलेला होता, आठवते? माझा परकर फाडत होता दर वेळी, अन् आई मलेच बोलत होती. तिची साडी फाडते का तो? फाडो. चांगली नवी साडी असंल तर अजून चांगलं.

मी जळून राहिली असं तुले वाटत असंल. तर हो, जळून राहिली. लग्न माझं झालं अन् भिडू तू बदलला! मी इथं सकाळी उठून शेण-सडा करते, भाकरी थापते, अन् कोणाचं लक्ष नसलं की परातीत बोटानं पिठाचा गोळा मारून पाहते, नेम अजून आहे का म्हणून. अन् तिकडे माझी जागा भरून बी गेली.

स्ट्रायकर मागितला तू. तिच्यासाठी असंल. तो हरवला. पाणी भरताना विहिरीत पडला.

चंद्रकला


महाल, नागपूर
१८ डिसेंबर १९७८

चंद्रे,

विहिरीत? कॅरमचा स्ट्रायकर घेऊन पाणी भराले कोण जातं वं? आपण दोघींनी मिळून घेतलेला तो. दुकानदारानं हस्तिदंती म्हणून विकला, निघाला हाडाचा, तरी आपण कोणाले हात लावू दिला नाही. अन् तू एका ओळीत लिहून मोकळी झाली, विहिरीत पडला. मी दोन दिवस बोर्डाले हात लावला नाही. आई म्हणाली, पोटात दुखून राहिलं का. मी हो म्हटलं.

अन् शामलावर काहून चिडली तू? ती समोर बसते म्हणूनच तर माझा हात सुधरून राहिला. मले रोज रडवते ती. तू असती तर लाड केले असते माझे, 'जाऊ दे गोपे, होते असं.' ती नाही करत.

बरं, ऐक. डबल्सचं नाव मी देऊन टाकलं. भिडू कोण, ते का लिहाले पाहिजे? मामाजी वाचून राहिले, म्हणून जास्त लिहीत नाही. तू समजदार आहे. तुझ्या आईलेही सांगून ठेवलं की संक्रांतीचं निमित्त काढून तुले दोन दिवस आधीच बोलव. फक्त ये, बाकी माझ्यावर सोड.

मामाजींची तब्येत कशी आहे? थंडी खूप आहे, जपा म्हणा.

गोपिका


मौदा
२७ डिसेंबर १९७८

गोपिका,

समजली. लिहाले पाहिजेच असं नाही, तू म्हणते ते बरोबर आहे. तुमच्या जोडीले माझ्या शुभेच्छा.

माझ्यानं येणं होत नाही. तूर कापणीवर आली. तुमच्या टाळ्या वाजवाले महालात बायका कमी आहेत का?

शामलाले एक सांगून ठेव. राणी गोपिकाले घेऊ देऊ नको म्हणा, तिले कव्हर घेता येत नाही. ऐन वेळी तिचा हात कापते. हे मले माहीत आहे, कारण तिच्या समोर एवढी वर्षं मी बसली होती.

हल्ली माझ्या समोर बी एक जण बसते. प्रेमिला. पोट्टी छान शिकून राहिली.

चंद्रकला


महाल, नागपूर
१८ जानेवारी १९७९

सौ. चंद्रकलाबाई पौनीकर यांस,

मामाजी, नमस्कार. आज खणखणीत आवाजात वाचा. साऱ्या घराले ऐकू जाऊ द्या.

बाई, तुमच्याकडे तूर कापणीवर होती ना? मंग स्पर्धेच्या पहिल्या दिवशी सकाळी हॉलच्या दारात नणदेसंग नवी शाल घेऊन कोण उभी होती? तुम्हाले पाहून मले एवढा आनंद झाला की हातातला पावडरचा डबा सांडला. वाटलं, आली! शेवटी आली! मी हाक मारली तर तुम्ही छताकडे पाहत पुढं निघून गेल्या. मी वेडी, मी म्हटलं, नणंद संग आहे, लाजून राहिली असंल.

मंग बाबारावांनी माइक फुंकला. 'टेबल नंबर तीन. गोपिका पराते आणि चंद्रकला निमजे, विरुद्ध, सौ. चंद्रकला पौनीकर आणि प्रेमिला पौनीकर.'

अवं, माझी भिडू तू होती! तूच! दुसरी कोण राहील? मी तुझं नाव दिलं होतं, चंद्रकला निमजे म्हणून. माहेरचं आडनाव दिलं, कारण माझ्या तोंडात तेच येते. पौनीकर मी फक्त पाकिटावर लिहिते, ते बी पोस्टमनसाठी. अन् तू गुपचूप मौद्याहून सासरच्या आडनावानं दुसरी जोडी पाठवली. मंडळाले काय माहीत, निमजे अन् पौनीकर एकच बाई आहे म्हणून!

मी टेबलाशी बसली. माझ्या समोरची खुर्ची खाली. तू माझ्या डावीकडे, तुझी नणंद उजवीकडे. बाबाराव ओरडून राहिले, 'चंद्रकला निमजे! कुठी आहे चंद्रकला निमजे?' तुझी मान खाली. शेवटी इंदूबाईनं तुझ्या हनुवटीले धरून तोंड वर केलं अन् म्हणाली, 'बाबारावजी, हे पहा! दोन्ही एकच पोट्टी आहे!' बाबारावांनी माइक तोंडासमोरून हटवला बी नाही. 'म्हणजे चंद्रकलाबाई, तुम्ही स्वतःलेच हरवाले आल्या का जी?' सारा हॉल हसला. कामठीच्या एका बाईच्या हातून विणकामाच्या सुया पडल्या.

एक बाई दोन जोड्यांत चालत नाही. दोन्ही जोड्या बाद. एक गोटी हलली नाही अन् आपण हारलो.

अन् स्ट्रायकर! विहिरीत पडलेला स्ट्रायकर तुझ्या नणदेच्या मुठीत, कोरडा ठणठणीत! आपण दोघींनी कोणाले हात लावू न दिलेला. अन् वरून तिच्या बाहीवरची पावडर तू आपल्या पदरानं झटकून देत होती. माझी कधी झटकली? मले तिथंच जळल्यासारखं झालं, चंद्रे. मी तुझ्या लग्नात रडली नाही, लोक म्हणाले गोपी दगड आहे. पण त्या पावडरीवर मले रडू आलं.

शामलाची भिडू म्हणजे तिची जाऊ. तिच्या पोराले गोवर निघाला म्हणून ती आलीच नाही. बाबारावांनी भर सभेत न्याय केला. प्रेमिलाची चूक नाही, शामलाची बी नाही, दोघींनी जोडी करा. पुढचं तुले माहीत आहे. हॉलच्या त्या टोकाले तू बसली होती, या टोकाले मी.

पत्र पाठवू नका.

गोपिका पराते


मौदा
२५ जानेवारी १९७९

गोपे,

पाठवून राहिली. फाडाचं असंल तर वाचून फाड.

तू लिहिलं होतं, 'शामला माझ्या समोर बसते.' आता तूच सांग, डबल्स खेळणाऱ्या बाईच्या समोर कोण बसतं? भिडू बसतो. तू डबल्सची बातमी दिली अन् त्याच पत्रात समोर शामला बसवली. मी काय समजाचं? शामला सिंगल्ससारखी समोर बसते, दुश्मन म्हणून बसते, सरावाले बसते, यातला एक शब्द तुझ्या पत्रात नव्हता. मामाजींनी तुझी तिन्ही पत्रं पुन्हा काढली, चष्मा पुसून वाचली अन् म्हणाले, 'सूनबाई, दोन्ही अर्थ निघतात.' मंग म्हणाले, 'पण रागात असलेल्या माणसाले एकच दिसतो.' ते दुसरं वाक्य मी तुले लिहिणार नव्हती.

अन् तू बी कमाल आहे. 'भिडू कोण, ते का लिहाले पाहिजे?' हो, लिहाले पाहिजे होतं! मामाजींचा धाक तुले, अन् फजिती माझी. मामाजी तर म्हणून राहिले, मले सांगितलं असतं तर मीच बैलगाडीत बसवून यष्टीपर्यंत सोडलं असतं.

तुझ्या डावीकडे बसली होती मी. तुझ्या समोरची खाली खुर्ची मले दिसून राहिली होती. माझं माहेरचं नाव पुन्हा पुन्हा पुकारलं गेलं तेव्हा मले कळलं की ती कोणासाठी आहे. एक पाऊल होतं. उठून तिथं बसली असती तर निदान नणंद रडली असती, तू नाही. पण पाय उचलला नाही. साऱ्या जणी पाहून राहिल्या होत्या.

मंग ते तीन दिवस. तू इंदूबाईजवळ बसली, मी दाराजवळ, अन् मधात सारा हॉल. मी कोणाच्या तरी लोकरीचा गुंडा धरून बसली होती, ती बाई कोण होती मले आजही माहीत नाही. इंदूबाईनं मले एक सांबारवडी आणून दिली, म्हणाली, 'गोपीनं पाठवली.' खरं का ते? मी खाल्ली नाही. म्हणजे खाल्ली, थंड झाल्यावर.

तूच लिहिलं होतं, हारलेली बाई, जिनं हरवलं ती हरेपर्यंत घरी जात नाही. आपण दोघी तेवढ्यासाठीच बसलो होतो, खरं सांग. प्रेमिला-शामला आता हरतील, मंग हरतील, अन् आपण उठू. पण त्या पोट्ट्या हरल्याच नाहीत, बाप्पा! पहिल्यांदा एकमेकींच्या समोर बसल्या अन् जन्मभर बसल्यासारख्या खेळल्या. शामलानं राणी घेतली, लगेच कव्हर घेतलं अन् प्रेमिलानं शेवटची गोटी टाकली, तेव्हा मी तुझ्याकडे पाहिलं. तू बी माझ्याकडे पाहून राहिली होती. टाळ्या आपल्या दोघींनाही वाजवाव्या लागल्या.

आता कप आमच्या देवघरात गणपतीजवळ आहे. येणाऱ्या-जाणाऱ्याले प्रेमिला दाखवते. मौद्यातली कोणी बाई मीठ मागाले आली तरी कप पाहून जाते. अन् स्ट्रायकर देत नाही! 'वहिनी, तो माझा लकी आहे.' एवढ्यात शामलाची दोन पत्रं बी आली तिले. शामला बोलत नाही म्हणाली होती ना तू? चार-चार पानं लिहिते. मामाजी वाचतात, मी ऐकते अन् कपबशा आपटते.

एकच विचारते. खड्ड्यावर माझ्या जागी, खिळ्याच्या फळीवर, शामला बसली का? हो की नाही, एवढंच लिही.

चंद्रकला


महाल, नागपूर
२ फेब्रुवारी १९७९

चंद्रे,

नाही.

तुझ्या जागेवर मी बसते. शामलाले मी माझ्या जागेवर बसवते, भिंतीकडे. ती एकदा चुकून तिकडे बसाले गेली तर मी म्हटलं, तिकडे खिळा आहे वं, साडी फाटंल. ती म्हणाली, मंग ठोकून टाका ना. मी म्हटलं, हातोडी सापडत नाही. हातोडी कोनाड्यातच आहे. माझी निळी साडी फाटली, आईची जांभळी फाटली, मागच्या आठवड्यात चांगली इंदुरी फाटली अन् आई म्हणाली, हिले वेड लागलं.

हे मी तुले कधी लिहिणार नव्हती. मामाजी, तुम्ही बी हे विसरून जा.

वडी मीच पाठवली होती. गरम असतानाच.

शामला आजकाल माझ्याकडे येत नाही. प्रेमिलाले पत्र लिहाचं असते तिले. वर मलेच विचारते, मौद्याले पत्र किती दिवसांत पोचते? मी सांगितलं, पंधरा. अन् त्यांचा फोटो मंडळाच्या भिंतीवर लागला. बाबाराव येणाऱ्या-जाणाऱ्याले थांबवून सांगतात, 'ही जोडी मी जमवली.' जोडी म्हणे! आपण दहा-बारा वर्षं बसलो त्या खड्ड्यावर, आपल्याले कोणी जोडी म्हटलं का? मले ह्या दोघींचं तोंड पाहावंसं वाटत नाही. तुले बी वाटत नाही ना? बरं वाटलं.

गोपिका


मौदा
९ फेब्रुवारी १९७९

गोपे,

रविवारी पहिल्या यष्टीनं येऊन राहिली. मामाजींनीच तिकिटाचे पैसे दिले, म्हणाले, 'जा, पण आल्यावर मले सारं सांगाचं.' तुझी पत्रं बंद झाली तर त्यांचा चहा गोड लागणार नाही.

आपला स्ट्रायकर घेऊन येत आहे. प्रेमिला घर उलथंपालथं करून शोधून राहिली. मी सांगितलं, विहिरीत पडला.

पुढच्या साली नाव तू देऊ नको, मी देईन. दोन्ही आडनावं लिहीन, एकाखाली एक. अन् रविवारी मी तुझ्या समोर बसीन. डबल्सवालं समोर. प्रेमिला-शामलाले हरवाचं आहे, तेव्हा लाड करणार नाही, आधीच सांगते.

तू आपल्या जागेवर वापस जा, भिंतीकडे. खिळा ठोकू नको. जुनी साडी नेसून येते.

चंद्रकला निमजे-पौनीकर